शब्दांचे डाव ओळखा!

शाळेत श्लेष आणि विरोधाभास हे अलंकार शिकवले जातात. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष. वरवर विरोध दिसला, पण विचार करताच तो मावळला, की विरोधाभास. मुले व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. आंबेडकरी माणसाला मात्र हे विसरून चालणार नाही, असे आमचे ठाम मत आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी काढलेल्या पाक्षिकाचे नावच पाहा, ‘मूकनायक’. मुका माणूस नायक कसा होईल? समास सोडवला की उत्तर मिळते : मुक्यांचा नायक! १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ही तसेच. बहिष्कृतांचा भारत हा एक अर्थ. पण आपल्याच लेकरांना गावकुसाबाहेर ठेवणारा देश स्वतःच बहिष्कृत ठरतो, हा दुसरा अर्थही आम्ही त्यात वाचतो. १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ उभी राहिली. दलित म्हणजे तुडवलेला आणि पँथर म्हणजे झेपावणारा. दोन उलटे शब्द शेजारी आले आणि व्यवस्थेला घाम फुटला.

बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. चोरणे म्हणजे दुसऱ्याचे पळवणे. आणि अंग चोरतो तसे लपवणेही. डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून स्वतःचीच जात लपवणारा माणूस येथे चोर ठरतो! एका क्रियापदात सारी जातव्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

पण शब्दांचे हे हत्यार समोरच्याच्याही हाती असते. ‘हरिजन’ म्हणजे हरीचे जन. मग १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात त्याच हरीच्या दारी आम्हाला मज्जाव का होता? नाव गोड, वागणूक तीच! म्हणूनच १९३८ साली हा शब्द कायद्यात घालण्याला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात विरोध केला आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. आज ‘समते’च्या जागी ‘समरसता’ पुढे केली जाते. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात. पण समता हक्क मागते. समरसता हक्काचे नाव न काढता मिसळून जायला सांगते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगत जीवनात आपण प्रवेश करीत आहोत. अलंकारातला विरोध नुसता भासतो. हा विरोध खरा आहे, तो विचार केल्याने मावळत नाही, संघर्षानेच संपतो.

म्हणून बांधवांनो, मुलांना अलंकार शिकवताना आपले शब्द समोर ठेवा. कोणता शब्द आपल्याला उभे करतो आणि कोणता गोंजारून खाली बसवतो, हे ज्याला ओळखता येते, त्याला फसवणे सोपे नाही.