एका दिवसाच्या चाचणीत खेळाडू सापडत नाही

मेळघाटातल्या सेमाडोहचा बारा वर्षांचा मुलगा आणि अमरावती शहरातला त्याच वयाचा मुलगा यांना एका रेषेवर उभं करून 30 मीटर पळवलं, तर स्टॉपवॉच वेळ अचूक सांगेल. दोघांत पुढे मोठा खेळाडू कोण होईल, हे मात्र त्यावरून कळणार नाही. मुलांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षी, मुलींची बाराव्या. कुणाची ही वाढ वर्ष-दोन वर्षं आधी होते, कुणाची तितकीच उशिरा. बालपणीचं कुपोषण ती आणखी लांबवतं आणि मेळघाटात कुपोषण किती खोलवर आहे, हे वेगळं सांगायला नको. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड 8 ते 14 या वयात होत आली आहे. उंची, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, 30 मीटर धावणे अशा तिच्या चाचण्यांत लवकर वयात आलेलं मूल साहजिकच पुढे असतं. म्हणजे आपण बऱ्याचदा गुणवत्ता नव्हे, आधी झालेली वाढ आणि पोटभर मिळालेलं अन्न निवडतो.

आजची कामगिरी आणि उद्याची झेप यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नाही. ‘हेरिटेज’ या अभ्यासात बैठ्या सवयीच्या 481 जणांना 20 आठवडे एकसारखा व्यायाम दिला गेला. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता काहींची जवळपास तसूभरही वाढली नाही, तर काहींची मिनिटाला एक लिटरहून अधिक वाढली. सुरुवातीच्या क्षमतेवरून हा फरक ओळखता येत नव्हता. गुलिख आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. जागतिक दर्जा गाठलेले खेळाडू राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंपेक्षा लहानपणी जास्त खेळ खेळले होते, मुख्य खेळाकडे उशिरा वळले होते आणि त्यांची सुरुवातीची प्रगतीही संथ होती.

जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लवकर सुरुवात लागते, हा आक्षेप रास्त आहे; पण धावणं, कुस्ती, नौकानयन यांना तो लागू नाही. ब्रिटनची हेलन ग्लोवर 2007 च्या खेळाडू-शोधमोहिमेत एकविसाव्या वर्षी निवडली गेली आणि 2012 मध्ये नौकानयनात ऑलिम्पिक सुवर्णपदक घेऊन आली. दुसरा आक्षेप पैशाचा. पण इथे प्रयोगशाळा लागत नाही. आश्रमशाळेत दर तीन महिन्यांनी मुलाची उभी उंची घ्यावी, मग स्टुलावर ताठ बसवून बसकी उंची घ्यावी. एवढ्या नोंदींवरून वाढीचा टप्पा ढोबळमानानं कळतो. जोडीला बारा आठवडे सराव देऊन 800 मीटरची वेळ किती सुधारली, ते पाहावं. लागतं काय, तर भिंतीवरची पट्टी, स्टूल, स्टॉपवॉच आणि चिकाटी. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षणाचं काम करत आहे. या नोंदी घेऊ शकतील असे विद्यार्थी जिल्ह्यातच घडतात.

म्हणून मागणी साधी आहे. निवड एका दिवसावर सोडू नका, वर्षभराच्या नोंदींवर करा आणि सोळाव्या वर्षी आणखी एक दार उघडं ठेवा. त्याआधी मुलांच्या ताटात पुरेसं अन्न पडू द्या. उपाशी शरीराची चाचणी घेऊन त्याला नापास ठरवणं, हे विज्ञानही नाही आणि न्यायही नाही.