विंचवाचं बिऱ्हाड आणि त्याची भाषा

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणींचे भाऊ, दीर, मुली इंग्लंडात असतात. त्यांच्याकडे जायचा योग आला, की एखाद्या संध्याकाळी विषय निघतो, "वहिनी, चार दिवस कॅराव्हॅन घेऊन जाऊ या का?" आपण हौसेनं 'हो' म्हणतो, आणि मग घरात जे शब्द कानांवर पडू लागतात, त्यांनी भांबावून जातो. माझं तरी तसंच झालं!

कॅराव्हॅनला स्वतःचं इंजिन नसतं. मोटारीला जोडून ओढत न्यायचं ते घर म्हणजे टूरर. इंजिन आणि बिछाने एकाच गाडीत असले की मोटरहोम. तीच लहान असली की कॅम्परव्हॅन. स्टॅटिक मात्र एका जागी उभी असते, आपण तिथे जाऊन राहायचं. बर्थ म्हणजे झोपायच्या जागा, आपल्या रेल्वेसारख्याच. पण चार बर्थ म्हणजे चार पलंग समजू नका हं! जेवणाचं टेबल खाली केलं की रात्री त्याचाच बिछाना होतो.

आपल्या कामाचा खरा शब्द पुढेच आहे, तो म्हणजे पेलोड. कारण सामान भरतं कोण? आपणच ना! समजा, रिकाम्या कॅराव्हॅनचं वजन १२०० किलो आहे आणि भरल्यावर १३५० किलोपर्यंतच परवानगी आहे. मग मधले १५० किलो हा पेलोड. कपडे, अंथरुणं, भांडी, किराणा सगळं त्यातच बसवायचं. मी आपली दोन कुकर, लोखंडी तवा, पोळपाट, दहा किलो तांदूळ असं सगळं मागच्या कपाटात छान रचून ठेवलं. भावोजी म्हणाले, "वहिनी, हे आधी बाहेर काढा." खरं सांगते, राग आला. कारण नंतर कळलं. मागची बाजू जड झाली, की वेगात कॅराव्हॅन सापासारखी डावी-उजवीकडे वळवळू लागते. त्याला स्नेकिंग म्हणतात. ती उलटू शकते, आणि ओढणाऱ्या मोटारीलाही बरोबर घेऊन जाते. म्हणून जड वस्तू तळाशी, चाकांच्या आसपास ठेवायच्या आणि हलक्या वर. जोडाच्या हुकावर पडणारा भार म्हणजे नोजवेट. तो भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावा लागतो. नवशिक्यानं भरलेली कॅराव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये, असं तिथे सांगतात.

मुक्कामाच्या जागेला पिच म्हणतात, आणि तिथल्या खांबावरून वीज घेण्याच्या सोयीला हूकअप. ही वीज पुष्कळदा १० किंवा १६ अँपिअरच मिळते. घरची ३००० वॉटची किटली एकटीच तेरा अँपिअर खाते. १० अँपिअरवर ती लावली, की अंधार! कमी वॉटची किटली न्यावी, नाहीतर सरळ गॅसवर आधण ठेवावं.

ऑनिंग म्हणजे दाराला लावलेली तंबूची पडवी. पाऊस आला की कोळशाची शेगडी तिथे ओढून घ्यायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो.

राहता राहिली कॅसेट. गाण्याची नव्हे, संडासाखालची काढता येणारी टाकी! ती नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची असते. हे काम कोणाचं, ते निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. आमच्याकडे ते भावोजींवर आलं, आणि मी तोवर चहा ठेवला. गॅसवर.