दावणीचा वंश, लेखांक ६ : बोकडाचा बाप कोण विचारतो?

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. बोकड आहे की शेळी? खच्ची केलेला आहे का? दात किती? मुरलेलं गिऱ्हाईक टांगलेल्या मांडीवर अंगठा दाबून बघतं, चरबीचा रंग न्याहाळतं आणि मग म्हणतं, ‘मांडीचं दे, थोडी कलेजी टाक.’ दुकानदारही हमी देतो, ‘अदंत आहे काका, बिनघोर घेऊन जा.’ एवढ्या चौकशीत एकच गोष्ट कोणी विचारत नाही: या बोकडाचा बाप कोण? दुभती म्हैस घेताना मात्र हाच माणूस तिच्या आईचं दूध, रेड्याची जात, मागची वेतं, सगळं खोदखोदून विचारतो.

दुधातल्या फॅटचा वारसा आपण मागच्या लेखांकात पाहिला. मांसालाही तसाच वारसा असतो. मग तो विचारायचं कुणाच्या डोक्यात का येत नाही? माझ्या मते यात गिऱ्हाइकाचं अज्ञान कमी आणि व्यवहार जास्त आहे.

मांस कोवळं लागतं की वातड, हे दोन वेगळ्या गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे स्नायूचे तंतू आणि दुसरी म्हणजे त्या तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन. करडाच्या अंगातलं कोलॅजेन रश्शात शिजताना सहज विरघळतं. वय वाढतं तसे त्याच्या धाग्यांमधले सांधे पक्के होतात आणि उष्णतेला दाद देईनासे होतात. म्हाताऱ्या शेळीचं मटण शिट्ट्यांवर शिट्ट्या काढूनही दाताला भिडतं ते यामुळे. दात मोजणारं गिऱ्हाईक खरं तर कोलॅजेनच मोजत असतं.

तंतूंची कथा निराळी. जनावर कापल्यावर स्नायूतली साठलेली साखर लॅक्टिक आम्लात बदलत जाते, सामू सातच्या आसपास असतो तो साडेपाचपर्यंत उतरतो आणि काही तासांत मांस ताठरतं. मग स्नायूतलंच कॅल्पेन नावाचं विकर तंतूंच्या जोडांवर काम सुरू करतं. हंडीत टाकलेला कच्च्या पपईचा तुकडा मटणाला बाहेरून जे करतो, तेच कॅल्पेन आतून करतं, पण फार सावकाश, थंडगार खोलीत टांगलेल्या मांसात, दिवसामागून दिवस. त्याला लगाम घालणारं दुसरं प्रथिनही स्नायूतच असतं, कॅल्पास्टॅटिन. लगाम किती घट्ट बसेल, हे बऱ्याच अंशी आईबापाकडून येतं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये गोवंशाच्या कॅल्पेन जनुकातले असे फरक नोंदवले. प्रथिनाच्या साखळीत ३१६ व्या जागी ग्लायसीन असेल तर मांस जरा चिवट, अ‍ॅलॅनिन असेल तर जरा मऊ. ‘जरा’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. यंत्राच्या पात्याने शिजलेलं मांस कापायला किती जोर लागतो हे मोजतात, तेव्हा एका जनुकाने पडणारा फरक थोडाच असतो. असे अनेक थोडे फरक मिळून एखाद्या वळूची संतती कोवळ्या मांसाची ठरते.

या संशोधनाचा एक धागा थेट आपल्या कृष्णाकाठी येतो. सांगलीपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या काळ्या, जड रानात ओढकामासाठी तयार झालेली कृष्णाकाठची जनावरं, गीर, कांकरेज आणि ओंगोल हे वंश परदेशी गेले आणि त्यांच्यातून अमेरिकेत ‘ब्राह्मन’ नावाची मांसाची जात उभी राहिली. तिच्या पैदासकारांची संघटना १९२४ ची. उन्हाला आणि गोचिडांना ही जनावरं भारी होती, पण मांस वातड. नेब्रास्कातल्या क्ले सेंटर इथल्या सरकारी संशोधन केंद्रात संकरित जनावरांची तुलना झाली, तेव्हा वशिंडवाल्या रक्ताचा वाटा वाढला की मांस कापायला लागणारा जोरही वाढतो, असं दिसलं. या गुरांच्या स्नायूत कॅल्पास्टॅटिनचा लगाम जास्त घट्ट असतो. त्यातच ३१६ व्या जागेचं मऊ रूप ब्राह्मनमध्ये इतकं विरळ निघालं की त्या चाचणीचा फारसा उपयोग होईना आणि त्याच जनुकात दुसरी खूण शोधावी लागली. नांगर आणि मोट ओढायला निवडलेल्या बैलाचं मांस कोणी चाखून निवडलेलं नव्हतं, तेव्हा त्याला दोष कसला द्यायचा?

आता आनुवंशिकतेच्या टक्क्यांकडे येऊ, कारण घोटाळा इथेच होतो. परदेशी गोठ्यांमधल्या मोजणीत मांसात पेरलेल्या चरबीची आनुवंशिकता ४० टक्क्यांच्या आसपास आणि कोवळेपणाची साधारण २० ते ३० टक्के येते. हा आकडा एखाद्या जनुकाला चिकटलेला नसतो, तो ज्या कळपात मोजला त्या कळपाचा असतो. एका वयाची, एका चाऱ्यावर वाढलेली, एकाच पद्धतीने कापलेली आणि थंड केलेली शंभर जनावरं घेतली, तर उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा ठळक दिसतो. अदंत रेडा आणि दहा वेतांची भाकड म्हैस शेजारी शेजारी टांगली, तर वयाचा फरक इतका मोठा होतो की जनुकांचा वाटा त्याखाली गाडला जातो. जनुकं तीच राहतात, टक्का तेवढा घसरतो.

आपल्याकडचं चित्र या दुसऱ्या प्रकारचं आहे. गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ पासून वळू आणि बैलही त्यात आले. राहिली म्हैस. याच पैठण रस्त्यावर अलाना समूहाचा म्हशीच्या मांसाचा निर्यात प्रकल्प आहे. म्हैस गायीच्या वंशातली नव्हे: आपल्या म्हशीची गुणसूत्रं ५०, गायीची ६०, दोघींचा संकर होत नाही. तिची चरबी पांढरीशुभ्र, कारण चाऱ्यातल्या कॅरोटीनचं ती जीवनसत्त्व अ करून टाकते. मांस गायीपेक्षा गडद, पेरलेली चरबी कमी. पण मुऱ्हा असो, पंढरपुरी असो की मराठवाडी, तिची निवड होते दुधासाठी आणि मांसाच्या बाजारात ती जाते भाकड झाल्यावर. रेडकू तर पुष्कळ गोठ्यांत दूध न मिळून आधीच मरतं. मांसासाठी वंश निवडण्याची वेळ या साखळीत येतच नाही.

कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानात तर कॅल्पेनला कामाला सवडच मिळत नाही. बोकड पहाटे कापला, नऊला मटण पिशवीत, बाराला कुकरमध्ये. जनुक मऊ असो की चिवट, विकराला लागतात ते थंडीतले दिवस मिळालेलेच नसतात. निर्यातीचं मांस निदान चोवीस तास थंड करून, सामू सहाच्या खाली आला की हाडं काढून गोठवतात. विकराला एवढा एकच दिवस मिळतो, त्यानंतर बर्फ. म्हणून ‘उस्मानाबादी बोकडाचं मटण म्हणजे लोणी’ असं कोणी छातीठोक सांगितलं की मी आधी त्याचं वय आणि चारा विचारतो. जातीचा गुण असेलही, पण हेच दोन घटक वगळून मोजल्याशिवाय त्याचं श्रेय जातीला देता येत नाही.

एकट्या जनुकाचा मोठा धक्का पाहायचा असेल तर बेल्जियन ब्लू जातीची गाय पाहावी. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जनुकातली ११ अक्षरं तिच्यात गळलेली आहेत, हे १९९७ मध्ये कळलं. पुठ्ठे दुप्पट भरलेले, चरबी नावाला, कोलॅजेन कमी, म्हणून मांस मऊ. वासरू मात्र इतकं रुंद की गायीची सुटका बहुतेक वेळा पोट फाडूनच. असला गुण इथल्या गोठ्यात कोणी फुकट दिला तरी मी घेणार नाही.

आपल्याकडे सुरुवात करायची तर ती प्रयोगशाळेत होणार नाही, नोंदवहीत होईल. गायीम्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर आता बारा अंकी क्रमांक असतो. त्याच्यावर रेतन, लसीकरण आणि दूध यांची नोंद करता येते. कापलेल्या जनावराचं वय, वजन आणि मांसाचं मोजमाप त्याच क्रमांकाला जोडलं, तर कोणत्या वळूची वा रेड्याची पिल्लं काय देतात, हे काही वर्षांत दिसू लागेल. शेळ्यांसाठी हे आणखी सोपं आहे, कारण पिढी लवकर फिरते आणि बोकड कोवळा असतानाच कापला जातो, म्हणजे वयाचा गोंधळ निम्म्याने आधीच मिटलेला असतो. पण मोजणारा माणूस आणि त्या मोजमापावर जास्त भाव देणारं गिऱ्हाईक, दोन्ही लागतील. भाव मिळणार नसेल तर शेतकरी रेतनाच्या वेळी दुधाचाच वळू मागणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पुढच्या आठवड्यात फलटणला जाऊ. सुंदरबनातल्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक निंबकर संस्थेने दख्खनी मेंढीत कसं उतरवलं, आणि मेंढपाळाने ते का स्वीकारलं, ते पाहू.