आपली ज्वारी, आपली गिरणी : ‘आर’चं पॅकेज बनवण्यासाठी संगणक कसा तयार करावा?



आमच्या शाळेत मुलं पावसाळ्यात रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात. धाराशिव जिल्ह्यात पावसाची नोंद हा नुसता भूगोलाचा उपक्रम नसतो. सोयाबीन फुलात असताना किती दिवस खंड पडला, हा घरोघरचा विषय असतो. एका सहकारी सरांनी या नोंदींसाठी ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये एक छोटं फंक्शन लिहिलं होतं. त्यांची बदली झाली आणि फाइल तेवढी पेनड्राइव्हवर राहिली.

पुढच्या वर्षी ती मी चालवली आणि घोटाळा केला. भारतीय हवामान विभाग २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतो. ही मर्यादा फंक्शनला आपण सांगायची होती, पण तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी शून्य टाकलं. शिंतोडे पडलेले दिवसही मोजले गेले आणि मोठा खंड तक्त्यातून गायब झाला. एक मुलगी म्हणाली, “सर, तवा तर रानं वाळत होती की!”

तेव्हा कळलं, की नुसता कोड देऊन भागत नाही. त्यासोबत त्याचे नियम, माहिती आणि तपासणीही द्यावी लागते. हे सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं म्हणजे पॅकेज.

आधी ‘आर’विषयी थोडंसं

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ सुरू केलं. त्याची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. ते मोफत आणि मुक्त आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प त्याचा प्रसार करतो. जगभरातले लोक आपापली पॅकेजेस ‘क्रॅन’ या भांडारात ठेवतात आणि आपण ती उतरवून घेतो.

पीठ आणि ज्वारी

पॅकेज दोन रूपांत मिळतं. एक म्हणजे तयार पीठ : उतरवलं, बसवलं, झालं. याला बायनरी म्हणतात. दुसरी म्हणजे ज्वारी, म्हणजे मूळ कोड, अर्थात सोर्स. त्यात सी, सी प्लस प्लस किंवा फोरट्रान भाषेतला भाग असेल, तर तो आपल्या संगणकावर दळावा लागतो. ही गिरणी विंडोजमध्ये आधीपासून नसते. ती वेगळी बसवावी लागते. तिचं नाव आरटूल्स.

आणि एक गंमत सांगतो. आपलं पॅकेज फक्त ‘आर’च्याच भाषेत असेल, तर गिरणीशिवायही ते बनतं. ‘आरटूल्स सापडलं नाही’ असा इशारा दिसला, की बरेच जण तिथंच सोडून देतात. घाबरू नका, काम पुढं चालू ठेवा. पण पुढं कधीतरी सोर्समधून दुसरं पॅकेज बसवायची वेळ येतेच. म्हणून गिरणी एकदाच नीट बसवून ठेवलेली बरी.

कसं बसवायचं?

१. ‘आर’ उघडलं की पहिल्याच ओळीत आवृत्ती दिसते. ४.४ असेल तर आरटूल्स ४४, ४.५ असेल तर आरटूल्स ४५. जोडी जुळलीच पाहिजे. चुकण्याची मुख्य जागा हीच.

२. आरटूल्स क्रॅनवरूनच घ्या. फाइल सुमारे ४०० एमबीची आहे आणि बसवल्यावर ३ जीबीच्या आसपास जागा घेते. लॅबमधल्या जुन्या संगणकांवर आधी जागा बघा.

३. बसवताना सुचवलेली जागा बदलू नका, म्हणजे ‘आर’ला गिरणी आपोआप सापडते.

४. ‘आर’ बंद करून पुन्हा उघडा. डेव्हटूल्स हे पॅकेज बसवा आणि त्यातलं ‘हॅज डेव्हल’ हे फंक्शन चालवा. सगळं ठीक असल्याचा निरोप आला, की गिरणी सुरू!

उबंटू असेल तर ‘आर-बेस-डेव्ह’ बसवलं की काम झालं. मॅकवर ॲपलची एक्सकोडची कमांड लाइन साधनं लागतात.

मराठीचं काय?

विंडोजवर पूर्वी देवनागरीच्या जागी विचित्र आकडे-अक्षरं दिसायची. २०२२ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून नव्या विंडोजवर ‘आर’ यूटीएफ-८ वापरतं, त्यामुळे तालुक्यांची नावं नीट दिसतात. पॅकेजचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच लागतं. फंक्शनची नावंही तशीच ठेवा. फोल्डरच्या वाटेतही देवनागरी किंवा मोकळी जागा नको.

पॅकेजमध्ये काय असतं?

एक ओळखपत्रासारखी फाइल (नाव, आवृत्ती, लेखक), कोडचं फोल्डर, मदतीचं फोल्डर आणि हवं तर चाचण्यांचं फोल्डर. आमच्या फंक्शनमध्ये आता २.५ ही मर्यादा आधीच भरलेली आहे. मदतीत ती कुठून आली ते लिहिलंय. चाचणीत २.४ मिलिमीटरचा दिवस टाकलाय. तो ‘पावसाचा’ मोजला गेला, तर चाचणी नापास होते आणि चूक लगेच दिसते.

शेवटी

प्रत्येक शाळेत गिरणी हवीच असं नाही. गावात एक असली तरी पुरते. एका संगणकावर बायनरी तयार करा आणि पेनड्राइव्हवर द्या. समोर विंडोज आणि ‘आर’ची तीच आवृत्ती-मालिका असेल, तर इंटरनेट आणि आरटूल्स दोन्हींशिवाय ते बसतं. फक्त आपलं पॅकेज इतर पॅकेजांवर अवलंबून असेल, तर तीही सोबत द्या.

बदली तर आपली प्रत्येकाची होणार. वहीतला पाऊस आणि तो मोजायची रीत, दोन्ही शाळेतच राहायला हवं. या सुट्टीत एक छोटं फंक्शन घ्या आणि करून बघा!