उन्हाचा पापड

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौरपट्ट्या बसवाव्यात की नाही, यावर गेल्या ज्येष्ठात सभा भरली. शिलकेतले पैसे खर्चायचे म्हणजे सभा तापणारच! तशात तळमजल्यावरच्या आजोबांनी वर्तमानपत्राचे कात्रण फडकावले. "पेरोव्स्काइट नावाची स्वस्त जात येते आहे. थांबा!" मी पडलो मराठीचा मास्तर, पण सोसायटीचा चिटणीस असल्यामुळे चौकशी माझ्या गळ्यात आली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रसायनाच्या प्राध्यापकांना गाठले. त्यांनी झाकणाच्या बशीतली नखाएवढी काच दाखवली. तिच्यावर काळसर, पातळ थर होता. "हात लावू नका, शिसे आहे त्यात."

पेरोव्स्काइट हे मूळ नाव एका खनिजाचे. १८३९ साली गुस्ताव रोझे यांनी उरल पर्वतातल्या त्या खनिजाची ओळख पटवली आणि पेरोव्हस्की या रशियन सरदाराचे नाव त्याला दिले. घटात ते खनिज नसते. अणूंची तशीच मांडणी असलेला शिसे-आयोडीनचा क्षार असतो. सिलिकॉन वितळवायचे तर १४०० अंशांहून अधिक उष्णता हवी. हा क्षार मात्र विरघळवून शाईसारखा काचेवर पसरायचा आणि शंभर-दीडशे अंशांवर शेकायचा. जाडी किती? मिलिमीटरचा सुमारे दोनहजारावा भाग!

२००९ साली जपानात मियासाका आणि सहकाऱ्यांनी केलेला पहिला घट उन्हातल्या शक्तीची ४ टक्केसुद्धा वीज करीत नव्हता आणि काही मिनिटांतच राम म्हणत होता. आज प्रयोगशाळेतले इवलेसे घट २६ टक्क्यांपुढे गेले आहेत.

"मग घोडे अडले कुठे?"

त्यांनी बशीचे झाकण काढले आणि ती कपाटावर ठेवली. बाहेर पावसाची झड लागली होती. चौथ्या दिवशी पाहतो तो काच पिवळीजर्द! ओलीने क्षार फुटून शिशाचे आयोडाइड तेवढे उरले होते. मला शब्द सापडला. पापड सादळला होता!

बरे, डब्याचे झाकण घट्ट लावले म्हणून भागत नाही. या क्षारातला एक सेंद्रिय घटक उष्णतेनेही उडून जातो. म्हणून त्याच्या जागी फॉर्मामिडिनियम आणि सीझियम घालतात. दोन काचांमध्ये थर कोंडून कडा रबरासारख्या लुकणाने बुजवतात. काच फुटून शिसे पावसात विरघळू नये, हीही काळजी असतेच. मला सर्वांत आवडली ती कार्बनच्या लेपाची युक्ती. वीज वाहून नेण्यासाठी प्रयोगशाळेत सोन्याचा थर देत. कार्बन स्वस्त आणि ओलही अडवणारा. ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के दमटपणा यांत हजार तास, म्हणजे सुमारे बेचाळीस दिवस, टिकून दाखवण्याची परीक्षा असते. पण बेचाळीस दिवस म्हणजे काही पंचवीस पावसाळे नव्हेत.

हिशेब घरात सौभाग्यवतींनी केला. निम्म्या किमतीची पट्टी दहा वर्षांत बदलावी लागली, तर पंचवीस वर्षांत ती सव्वापट महाग पडणार. शिवाय चौकट, तारा, मजुरी दर वेळी आहेच. "स्वस्त छत्री दर मृगाला घ्यायची, त्यातलाच प्रकार!" त्या म्हणाल्या.

सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवलेले जोडघट ३४ टक्क्यांवर पोचले आहेत. आपल्या पवईच्या आयआयटीतही या जोडघटांवर काम चालते. ते सारे मी सभेत सांगितले आणि मत दिले ते साध्या सिलिकॉनला. दसऱ्यापूर्वी पट्ट्या बसल्या.

आजोबा अजून जिन्यात गाठतात. "काय हो चिटणीस, पापड कुरकुरीत राहायला लागला का?"