दोन बटणांचा मेळ

संगीताच्या शौकिनाने दोन पेट्यांचे यंत्र घरी आणले, म्हणजे पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. पहिली पेटी प्रीअँप्लिफायरची, म्हणजे पूर्वविवर्धकाची. तबकडीवरून वा रेडिओवरून आलेला संदेश निवडून व वाढवून ती पुढे पाठवते. दुसरी पॉवर अँप्लिफायरची, म्हणजे शक्तिविवर्धकाची. लाउडस्पीकरचा पडदा हलवण्याचे बळ तिच्यात असते. आवाजाचे बटण पहिलीवर असते, आणि पुष्कळदा दुसरीवरही. मग कोणते किती फिरवावे? एकच अधिकार दोन खात्यांकडे सोपवला म्हणजे जे होते तेच येथेही होते : एक खाते अतिरेक करते आणि दुसरे त्याला आवर घालत बसते.

शंभर वॉटच्या विवर्धकाचे बटण निम्म्यावर ठेवले की त्यातून पन्नासच वॉट निघतील, असा एक समज रूढ आहे. तो निराधार होय. हे बटण शक्ती मोजत नाही. दाराशी आलेला विद्युत्‌दाब ते केवळ कमी करून आत सोडते. संदेश पुरेसा जोरकस असेल, तर बटण बरेच खाली असतानाही विवर्धक पूर्ण शक्ती देईल, आणि त्याहीपुढे रेटल्यास लहरींचे माथे छाटले जाऊन आवाज फाटेल.

म्हणून पाहावयाचा आकडा वॉटचा नव्हे. पूर्ण शक्तीसाठी विवर्धकाला किती व्होल्ट लागतात, हे पाहिले पाहिजे. इंग्लंडातील प्रसिद्ध क्वाड यंत्रांचे उदाहरण बोलके आहे. १९५३ च्या सुमाराचा व्हॉल्व्हचा ‘क्वाड-२’ सुमारे १.४ व्होल्टला १५ वॉट देई. १९६७ च्या सुमारास आलेल्या ट्रान्झिस्टरच्या ‘३०३’ ला ४५ वॉटसाठी अवघा अर्धा व्होल्ट पुरे. त्याचा जोडीदार ‘३३’ हा पूर्वविवर्धकही तेवढाच दाब देण्यासाठी बांधलेला होता. दोघांचे उत्तम जमले.

पुढे १९८२ मध्ये सीडी आली. तिची यंत्रे सामान्यतः दोन व्होल्टपर्यंत दाब देतात. असे यंत्र आणि दाब पाचपट करणारा एखादा आधुनिक पूर्वविवर्धक जुन्या ‘३०३’ ला जोडला, तर बटण पूर्ण उघडल्यावर दहा व्होल्ट निघू पाहतील. हवा असतो अर्धा. म्हणजे विसाव्या भागावर, डेसिबलच्या भाषेत २६ डेसिबल खाली, थांबणे आले. साधारण बटण मध्यावर असताना दाबाचा सुमारे दहावा भाग पुढे सोडते. अर्थात ते मध्यावर पोहोचण्यापूर्वीच विवर्धकाची शक्ती संपलेली असते. घरगुती श्रवणासाठी तर त्याला अगदी आरंभीच्या टोकाशी अडखळत फिरवावे लागते, आणि नेमके तेथेच डाव्या-उजव्या बाजूंचे प्रमाण बिघडते : गायक एका बाजूला सरकून बसतो.

याहून मोठे नुकसान शांततेचे होते. शेतीच्या पाटावर दोन दारे असावीत, तसा हा प्रकार आहे. वरचे दार लोटून पाणी कमी केले, तरी त्या दाराखाली पाण्यात मिसळलेली माती शेतात जातेच. पूर्वविवर्धकाच्या बटणानंतरच्या भागात उत्पन्न होणारी बारीक सूंसूं ते बटण कमी करू शकत नाही. शक्तिविवर्धक तिला इमानाने मोठी करतो. विलंबित ख्यालातील आलाप विरत असताना तानपुऱ्यामागे ती ऐकू येते. यावर उपाय खालच्या दाराशी आहे. शक्तिविवर्धकावर बटण असल्यास ते कमी करावे. नसल्यास त्याच्या प्रवेशाशी दोन रोधांचा विभाजक बसवावा. दाब चतुर्थांश झाला की संदेश आणि सूंसूं दोन्ही १२ डेसिबलने उतरतात. वरचे बटण मध्याच्या पुढे नेऊन संदेशाची भरपाई करता येते. सूंसूं मात्र उतरलेलीच राहते.

सभागृहात बहुधा उलट चूक घडते. सावधगिरी म्हणून कोणीतरी शक्तिविवर्धकाचे बटण फारच खाली ठेवतो. आवाज पोहोचत नाही म्हणून पूर्वविवर्धक वा मिक्सर ताणला जातो, आणि तो स्वतःच फाटू लागतो. शक्तिविवर्धक निवांत असूनही वक्त्याचे शब्द कळेनासे होतात. मग घाईने खालचे बटण वाढवले, तर छाटलेल्या लहरींतील तीव्र स्वर उच्चस्वरी लाउडस्पीकरची नाजूक तार जाळू शकतात.

जुळवणी सोपी आहे. शक्तिविवर्धकाचे बटण प्रथम पूर्ण मिटवावे. सर्वांत जोरकस संगीत लावून पूर्वविवर्धकाचे बटण दोन-तृतीयांशावर आणावे. मग शक्तिविवर्धकाचे बटण सावकाश वाढवीत, जास्तीत जास्त हवा असलेला आवाज येताच थांबावे. त्यानंतर संगीत बंद करून कान लाउडस्पीकरजवळ न्यावा. बसण्याच्या जागी सूंसूं येत नसेल, तर काम झाले. खालच्या बटणापाशी पेन्सिलीची खूण करावी आणि रोजचा कारभार वरच्याकडे द्यावा. यंत्र सुरू करताना शक्तिविवर्धक शेवटी लावावा आणि बंद करताना तो आधी मिटवावा, म्हणजे पूर्वविवर्धकाचा धक्का लाउडस्पीकरला बसत नाही.