रेघ गेली कुठे?

कॅडची ओळख : लेखांक ७

नवी फाइल उघडली, लाइन कमांड दिली, पाच मीटरची भिंत काढायची म्हणून ५००० टाइप केलं आणि एंटर मारला. रेघ उजवीकडे निघाली ती थेट स्क्रीनबाहेर. दुसरं टोक दिसतच नाही. मग माउसचं चाक फिरवणं सुरू होतं, कधीकधी तेही मध्येच अडतं आणि यापुढे झूम होणार नाही असा संदेश खाली येतो. ऑटोकॅड शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला तास असाच जातो. क्लासमध्ये त्यावर ठरलेला तोडगा मिळतो : झेड, एंटर, ई, एंटर. रेघ पूर्ण दिसते आणि धडा पुढे सरकतो. पुढच्या नव्या फाइलला पुन्हा तेच. दहा-दहा वर्षं काम केलेले ड्राफ्ट्समनही रोज नव्या फाइलवर ही चार बटणं दाबतात. बोटांना इतकी सवय झालेली असते की, हे मुळात करावं का लागतं, असा प्रश्नच पडत नाही.

कारण असं, की आपण जिला कोरी फाइल म्हणतो ती कोरी नसतेच. ती एका टेम्प्लेटची नक्कल असते. ऑटोकॅडसोबत अशी बरीच टेम्प्लेट येतात, त्यांतली दोन आपल्या कामाची : ‘एकॅड’ आणि ‘एकॅड-आयएसओ’. पहिलं इंचांच्या हिशेबातलं, त्याच्या लिमिट्स, म्हणजे ड्रॉइंगची मानलेली हद्द, १२ बाय ९. दुसरं मिलिमीटरच्या हिशेबातलं, त्याची हद्द ४२० बाय २९७. हा आकडा ओळखीचा वाटला असेल, तो ए-३ कागदाचा आहे. म्हणजे तुम्ही मिलिमीटरमध्ये घर काढायला बसता तेव्हा समोरची खिडकी जेमतेम ए-३ कागदाएवढी उघडलेली असते. स्क्रीन १६ : ९ प्रमाणातली धरली, तर २९७ उंचीला रुंदी येते साधारण ५२८. पाच हजारांच्या भिंतीचा दहावा हिस्सा दिसतो, बाकीची भिंत बाहेर.

ही हद्द कागदाएवढी का ठेवली, याचं उत्तर ड्रॉइंग बोर्डच्या काळात आहे. बोर्डावर ए-१ कागद लावला की पहिली रेघ मारण्याआधी स्केल ठरवावं लागे. एकास शंभर की एकास पन्नास, हे ठरल्याशिवाय मिनी-ड्राफ्टरला हात लावता येत नसे. ऑटोकॅड १९८२ साली आलं तेव्हा त्यात आजच्यासारखं लेआउट, म्हणजे छपाईच्या कागदाचं वेगळं पान, नव्हतं, पेपर स्पेस ही सोय १९९० च्या अकराव्या आवृत्तीत आली. त्याआधी सगळा कारभार मॉडेलमध्येच, त्यामुळे कागदाचा हिशेब लिमिट्समधूनच मांडावा लागे. आज लिमिट्सला कुणी विचारत नाही. क्लासमध्येही हा भाग ‘जुना आहे, सोडून द्या’ म्हणून पुढे ढकलला जातो. मला तो अजून उपयोगाचा वाटतो, कारण नवी फाइल कुठल्या झूमवर उघडावी हा प्रश्न माउसच्या चाकाचा नाही. माझं एकक कोणतं, कागद कोणता आणि स्केल काय, या तीन गोष्टी ठरल्या की झूम आपोआप ठरतं. त्या ठरलेल्या नसतात म्हणून चाक फिरवावं लागतं.

हिशेब करून बघू. समजा तुमच्या ऑफिसात बहुतेक नकाशे मिलिमीटरमध्ये काढतात आणि ए-१ वर एकास शंभरने छापतात. ए-१ म्हणजे ८४१ बाय ५९४. त्याला शंभराने गुणा : ८४,१०० बाय ५९,४००. ही तुमची हद्द. एकॅड-आयएसओवरून नवी फाइल सुरू करा, लिमिट्स कमांड द्या, खालचा डावा कोपरा ०,० ठेवा, वरचा उजवा ८४१००,५९४०० द्या. आकडे दिल्याबरोबर स्क्रीनवर काहीच हलत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. हद्द बदलली तरी खिडकी जुनीच असते. झूम कमांड देऊन ‘ऑल’ निवडलं की खिडकी हद्दीएवढी होते. आता फाइल टेम्प्लेट म्हणून, म्हणजे डीडब्ल्यूटी प्रकारात, सेव्ह करा. सेव्ह करतानाची खिडकी टेम्प्लेटमध्ये जशीच्या तशी नोंदली जाते आणि त्यावरून सुरू केलेली प्रत्येक फाइल त्याच झूमवर उघडते. पाच मीटरची भिंत आता स्क्रीनवर मावते, आणि ती कागदावर किती मोठी दिसेल याचा अंदाजही पहिल्या रेघेपासूनच येतो.

ऑटोकॅड या खिडकीचा मध्यबिंदू आणि उंची लक्षात ठेवतं. व्ह्यूसाइज या नावाच्या व्हेरिएबलमध्ये जो आकडा असतो तो उंचीचाच. त्यामुळे लॅपटॉपवर बनवलेलं टेम्प्लेट रुंद मॉनिटरवर उघडलं तरी वरखाली काही कापलं जात नाही, फक्त दोन्ही बाजूंना मोकळी जागा वाढते.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. लिमचेक हे व्हेरिएबल शून्यच ठेवा. ते एक केलं तर हद्दीबाहेर रेघ काढायला ऑटोकॅड नकार देतं. आणि सेव्ह करताना तुम्ही मॉडेल टॅबवर आहात की लेआउटवर, हे बघा. टेम्प्लेट ज्या टॅबवर मिटलं, नवी फाइल त्याच टॅबवर उघडते.

एकक चुकलं तर झूमचा त्रास त्यामानाने किरकोळ. चुकून ‘एकॅड’ टेम्प्लेटवर मिलिमीटरमध्ये काम केलं की खरी गंमत हॅचमध्ये दिसते. विटांचा हॅच भरला की विटा दिसतच नाहीत, काळाकुट्ट ठोकळा दिसतो, नाहीतर हॅच फार दाट आहे अशी तक्रार येते. इंचांच्या फाइलला हॅचचे नमुने इंचांच्या यादीतून मिळतात आणि मिलिमीटरच्या फाइलला मिलिमीटरच्या, दोन्हींत २५.४ पटींचा फरक. फर्निचरच्या ब्लॉकचं तसंच. इंचांत काढलेला सहा फुटी सोफा म्हणजे ७२ एककं. युनिट्सच्या डबीत एकक नमूद केलेलं नसेल, तर तो मिलिमीटरच्या दिवाणखान्यात ७२ मिलिमीटरचा होऊन बसतो. त्या डबीत मिलिमीटर निवडायचं ते याचसाठी. पण तिथे एकक बदलल्याने आधी काढलेली भिंत लहानमोठी होत नाही, तो निर्णय फक्त बाहेरून येणाऱ्या ब्लॉकपुरता असतो. म्हणूनच तो टेम्प्लेटमध्ये, काहीही काढण्याआधी, व्हायला हवा.

अक्षरांचा हिशेबही स्केलवरच चालतो. कागदावर अक्षर २.५ मिलिमीटरचं हवं असेल तर एकास शंभरच्या मिलिमीटर नकाशात त्याची उंची २५० द्यावी लागते. मराठीत लिहायचं असेल तर आणखी एक अडचण येते. एसएचएक्स प्रकारच्या, पेनप्लॉटरच्या काळापासून चालत आलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. ‘स्वयंपाकघर’ टाइप केलं की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. टेम्प्लेटमध्येच मंगल किंवा निर्मला यांसारख्या युनिकोड फॉन्टची वेगळी टेक्स्ट स्टाइल करून ठेवली, तर खोल्यांची नावं मराठीत लिहिताना ऐन वेळी शोधाशोध होत नाही.

लेयर, डायमेन्शन स्टाइल, रेघांची जाडी यांबद्दल मागच्या दोन लेखांत लिहिलंच आहे. तेच इथे भरायचं, एवढंच. मात्र उत्साहाच्या भरात साठ-सत्तर लेयर कोंबू नका. फाइल ईमेल करण्याआधी कुणीतरी पर्ज करतं, त्या वेळी न वापरलेले लेयर सगळे निघून जातात. पुढे तोच लेयर कुणी हाताने बनवतो, तोही वेगळ्या स्पेलिंगने.

आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत टेम्प्लेटऐवजी वेगळीच रीत चालते : मागच्या कामाची फाइल उघडायची, सेव्ह-अॅज करायची, नकाशा पुसायचा आणि सुरू करायचं. लेयर तयार मिळतात, टायटल ब्लॉक तयार मिळतो, म्हणून ही रीत सोपी वाटते. पण त्या फाइलच्या पोटात आधीच्या कामांचा सगळा कचरा असतो. न दिसणारे ब्लॉक, कुठल्या कुठल्या सल्लागाराच्या फाइलमधून आलेल्या स्केलच्या लांबलचक याद्या, वापरात नसलेल्या लाइनटाइप. दोन खोल्यांच्या बंगल्याची फाइल कित्येक एमबींची होते ती यानेच. आणि टायटल ब्लॉकमध्ये आधीच्या मालकाचं नाव राहून गेलेला नकाशा नव्या मालकाच्या हातात पडला की होणारी शोभा वेगळीच. टेम्प्लेट बनवायला एक दुपार जाते. ती दुपार वाचवून रोज थोडा थोडा वेळ घालवायचा, हा व्यवहार मला कधी कळलेला नाही.

एकाच टेम्प्लेटवर भागेलच असं नाही. बांधकाम परवानगीचे नकाशे काढणाऱ्यांना दोन तरी लागतात. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. मुंबई आणि इतर काही क्षेत्रं वगळता तीच लागू आहे आणि तिचा सगळा हिशेब मीटर व चौरस मीटरचा. म्हणून मंजुरीच्या नकाशाला एक एकक बरोबर एक मीटर धरणं सोयीचं. त्या टेम्प्लेटची हद्द होते ८४.१ बाय ५९.४, आणि अडीच मिलिमीटरच्या अक्षराची उंची ०.२५. इथे रंगही अर्थाचे असतात : पाडायचं बांधकाम पिवळं, नवं बांधकाम लाल, सांडपाण्याची वाहिनी तुटक लाल रेघेने. त्यामुळे लेआउटच्या पेज सेटअपमध्ये मोनोक्रोम प्लॉट स्टाइल ठेवून चालणार नाही. साइटवर द्यायच्या कामाच्या नकाशांना मोनोक्रोम लागतं, ते सेटिंग या टेम्प्लेटमध्ये तसंच राहिलं तर लाल-पिवळं सगळं काळं छापून येतं.

टेम्प्लेट तयार झाली की ऑप्शन्समध्ये फाइल्स टॅबखाली टेम्प्लेट सेटिंग्ज उघडा. क्यू-न्यू कमांडसाठी कोणतं टेम्प्लेट वापरायचं, अशी एक ओळ तिथे असते आणि बहुधा ती रिकामी असते. तिथे आपल्या फाइलचा पत्ता द्या. त्यानंतर वरच्या पट्टीतलं नव्या फाइलचं बटण दाबलं की काही न विचारता तुमचं टेम्प्लेट उघडतं. तीन-चार जणांचं ऑफिस असेल तर टेम्प्लेट सर्व्हरवर एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक संगणकावर तोच पत्ता द्या. हौशी मंडळी याऐवजी ‘एकॅड-डॉक’ नावाच्या लिस्प फाइलमध्ये झूम-एक्स्टेंट्स, म्हणजे सुरुवातीचीच ती झेड-ई कमांड, लिहून ठेवतात, म्हणजे फाइल उघडली रे उघडली की झूम होतं. मला ते पटत नाही. ती फाइल प्रत्येक ड्रॉइंगला चालते, जुन्यालासुद्धा. काल रात्री जिन्याच्या ज्या पायरीवर काम सोडलं ती पायरी उघडण्याऐवजी सकाळी अख्खी इमारत समोर येते.

आता मोजणीच्या फाइलबद्दल, कारण तिथे वरचा सगळा हिशेब अपुरा पडतो. जीपीएसने केलेला सर्व्हे अनेकदा यूटीएम सहनिर्देशांकांत येतो. पुणे परिसरातल्या जागेचा पूर्व-निर्देशांक सुमारे तीन लाख ऐंशी हजार मीटर आणि उत्तर-निर्देशांक वीस लाखांच्या थोडा पुढे असतो. उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजलेला, म्हणून इतका मोठा. तुमचं टेम्प्लेट उघडतं ०,० पाशी, प्लॉट आहे दोन हजार किलोमीटरवर. झूम-एक्स्टेंट्स केलं की प्लॉट समोर यायला हवा. येत नसेल आणि स्क्रीन रिकामी दिसत असेल, तर मूळबिंदूपाशी काहीतरी पडलेलं आहे असं समजा. ऑटोकॅड दोन्ही टोकं एकाच खिडकीत बसवायला बघतं, एकेका पिक्सेलवर दोन किलोमीटरहून जास्त अंतर येतं, आणि चाळीस मीटरचा प्लॉट त्यात कुठून दिसणार? अशा वेळी खालच्या कडेपाशी, मध्याच्या जरा डावीकडे क्रॉसिंग खिडकी ओढा आणि प्रॉपर्टीज उघडून काय सापडलं ते बघा. बहुतेक वेळा तिथे टेम्प्लेटमधून आलेली चौकट किंवा टायटल ब्लॉक असतो, हौसेने मॉडेलमध्ये ०,० वर ठेवलेला. तो लेआउटमध्ये, कागदाच्या खऱ्या मापात ठेवा, आणि टेम्प्लेटचं मॉडेल संपूर्ण रिकामं असू द्या, एक बिंदूसुद्धा नको.